शून्य-शून्य बघायला कधी शिकलात? अमेरिकेतल्या सॉकर-हॉकीचे अनुभव

धागाकर्ती, अटलांटा

२३ जून २०१०, बुधवार. सकाळी दहाला आमच्या ऑफिसच्या ब्रेकरूममध्ये कोणीतरी टीव्ही लावला. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपमधला अमेरिका-अल्जीरिया सामना, गटातला शेवटचा. पंधरा-वीस जण जमले होते. अर्ध्या तासात बहुतेक जण कॉफीचे कप घेऊन आपापल्या जागी परतले. "काही होतच नाहीये" हे वाक्य मी त्या दिवशी चार-पाच वेळा ऐकलं.

शेवटी उरलो तिघं. मी, पेरूहून आलेला एक सहकारी आणि जन्मभर फक्त कॉलेजांचं अमेरिकन फुटबॉल बघितलेले अलाबामाचे एक ज्येष्ठ गृहस्थ. ते का थांबले हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पहिल्या हाफमध्ये अमेरिकेच्या डेम्प्सीचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला. तो ऑफसाइड नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये त्याचाच फटका खांबाला लागून परत आला. तिकडे दुसऱ्या सामन्यात इंग्लंड पुढे होतं, म्हणजे बरोबरी झाली तर अमेरिका घरी. नव्वद मिनिटं संपली, तरी शून्य-शून्य. मग आमचा गोलकीपर टिम हॉवर्डने बॉल हातात घेतला आणि लांब फेकला. डोनोव्हन धावत सुटला, बॉल आल्टिडोरकडे, तिथून डेम्प्सीकडे. अल्जीरियाच्या गोलकीपरने अडवलेला बॉल सुटला आणि डोनोव्हनने तो आत ढकलला. ९१वं मिनिट. ते अलाबामाचे गृहस्थ, ज्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्यांनी आम्हा दोघांना एकदम मिठी मारली. आरडाओरडा ऐकून बाकीचे धावत आले आणि त्यांनी रिप्ले बघितला. रिप्ले तोच होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर आमच्यासारखं काही दिसलं नाही.

तेव्हापासून मला हा प्रश्न पडलाय. बास्केटबॉलमध्ये एकेक संघ शंभरच्या वर गुण करतो. आइस हॉकीत दोन्ही संघांचे मिळून साधारण सहा गोल होतात, सॉकरमध्ये अडीचच्या आसपास. अशा देशात राहून तुम्ही हे खेळ बघायला कसे शिकलात? किती गोल झाले ते नका सांगू. गोल होत नव्हते तेव्हा तुम्ही काय बघत होतात, ते लिहा.

कोलंबस, ओहायो

आमच्या गावात तर स्कोअरचाच जयघोष होतो! "दोस आ सेरो", म्हणजे स्पॅनिशमध्ये दोन-शून्य. २००१ साली फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत इथे अमेरिकेने मेक्सिकोला २-० हरवलं. २००५ मध्ये पुन्हा २-०. २००९ मध्ये पुन्हा तेच. १० सप्टेंबर २०१३ ला मी स्वतः स्टेडियममध्ये होतो. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य, तरी लोक "दोस आ सेरो" गातच होते. माझ्या शेजारी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. तो विचारत होता, "एकही गोल नाही, मग दोन-शून्य का म्हणायचं?" आई म्हणाली, "आपण वाट बघतोय."

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला एडी जॉन्सनचं हेडर गेलं. ७८व्या मिनिटाला डोनोव्हनने दुसरा केला. त्या वेळी आवाज झाला तो गोलाच्या आरोळीसारखा नव्हता. देवळात आरती सुरू झाल्यावर सगळे एका सुरात येतात, तसा तो एका लयीत उठला. त्याच रात्री पनामा-होंडुरास बरोबरीत सुटला आणि अमेरिकेचं ब्राझीलच्या वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं झालं. आम्ही पार्किंगमध्ये उभे राहून फोनवर तो निकाल बघितला.

फिनिक्स

प्रामाणिकपणे लिहितो, मला अजून जमलेलं नाही. दोन वेळा मन लावून बसलो, दोन्ही वेळा वीस मिनिटांत उठलो. बास्केटबॉलमध्ये मी पाच मिनिटं बघितली तरी काहीतरी हाती लागतं. इथले अनुभव वाचून पुन्हा प्रयत्न करावासा वाटतोय, म्हणून धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

फिनिक्सकर, तुमच्यासारख्यांसाठीच या देशाने एकेकाळी हे खेळ बदलून पाहिले होते. मी ते डोळ्यांनी बघितलंय.

६ एप्रिल १९९६. मेजर लीग सॉकरचा इतिहासातला पहिला सामना आमच्या स्पार्टन स्टेडियमवर झाला, सॅन होजे विरुद्ध वॉशिंग्टन डीसी. मी तेव्हा नवीन नोकरीत, अविवाहित, ठाण्याच्या दोन मित्रांबरोबर गेलो होतो. ३१ हजारांवर लोक होते. स्टेडियममध्ये एक विचित्र धास्ती होती. सगळ्या देशाला नवी लीग दाखवायची आणि पहिलाच सामना शून्य-शून्य सुटला तर? ८०वं मिनिट गेलं, ८५वं गेलं. ८८व्या मिनिटाला एरिक विनाल्डाने डावीकडून आत येत बचावपटूच्या पायांमधून बॉल काढला आणि लांबच्या कोपऱ्यात वळवला. १-०. लीगच्या लोकांना हायसं वाटलं असणार.

पण ती धास्ती नियमांतही होती. बरोबरी चालणारच नाही, म्हणून सामन्याच्या शेवटी शूटआउट. ३५ यार्डांवरून खेळाडू बॉल घेऊन धावायचा आणि पाच सेकंदांत गोल करायचा. घड्याळही उलटं चालायचं, प्रत्येक हाफमध्ये पंचेचाळीसवरून शून्याकडे. त्याच वर्षी हॉकीत एका चॅनलने पकभोवती, म्हणजे हॉकीतल्या रबरी चकतीभोवती, निळा प्रकाश दाखवायला सुरुवात केली. जोरात मारला की मागे लाल शेपूट. प्रेक्षकाला पक दिसत नाही, म्हणून तो कंटाळतो असा त्यांचा समज. दोन-तीन मोसमांत तो प्रकाश गेला. २००० सालापासून सॉकरचं शूटआउटही बंद झालं आणि बरोबरीला बरोबरी म्हणू लागले.

मला त्या शूटआउटचा एक सामना आठवतो. नव्वद मिनिटं आमचा बचाव अप्रतिम खेळला. एक मिडफिल्डर, ज्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात आलं नाही, त्याने किमान दहा वेळा योग्य जागी उभं राहून पास तोडला. मग तीस-चाळीस सेकंदांच्या खेळात ते सगळं पुसून टाकलं. घरी जाताना आम्ही तिघंही गप्प होतो. बरोबरी त्या मिडफिल्डरची कमाई होती. ती त्याला मिळायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

मिनियापोलिसजवळ, मिनेसोटा

मी सांगलीची. बर्फ पहिल्यांदा बघितला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी. माझी मुलगी सात वर्षांची असताना म्हणाली, मला गोली व्हायचंय. इथे गोलकीपरला सगळे गोलीच म्हणतात.

आइस हॉकीच्या आयांचं जग वेगळं आहे. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, मोकळं मिळतं पहाटे पावणेसहाला. बाहेर उणे वीस, आत रिंकच्या बाकावर थर्मासमधला आल्याचा चहा. पहिलं वर्षभर मी फक्त प्रार्थना करत होते की पक तिच्याकडे येऊ नये. दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारी बसणाऱ्या एका आईने, जिचे तिन्ही मुलगे खेळलेले, माझा हात धरून सांगितलं, "पककडे बघू नकोस, तिच्या पायांकडे बघ."

त्या दिवसापासून खेळच बदलला. गोली दारातून पुढे किती आलीये, ते बघायचं. एक पाऊल पुढे आली तर मारणाऱ्याला जाळं लहान दिसतं, पण पास झाला तर ती उघडी पडते. पक अडवला की तो कुठे जातोय ते बघायचं. समोर पडला तर धोका, कोपऱ्यात ढकलला तर शाबास. बाकीच्या पाच जणी दर पाऊण मिनिटाला बदलतात. दमलेली पाचजणांची तुकडी स्वतःच्या भागात अडकली आणि बदलीसाठी बाहेर पडता येत नसलं की गोल अजून झालेला नसतो, पण रिंकवरच्या प्रत्येक आईला तो येताना दिसतो. मी तेव्हा उभी राहते. आणि त्यातलीच एखादी दमलेली पोर कशीबशी पक बाहेर भिरकावते, तेव्हा टाळ्या पडतात. नवीन पालकांना कळत नाही की टाळ्या कशासाठी. मलाही कळत नव्हतं.

इथे शाळांच्या राज्य स्पर्धेला सेंट पॉलमध्ये मोठं रिंक भरतं. शेजारचे लोक अजून १९९६ ची सेमीफायनल सांगतात. ॲपल व्हॅली आणि डुलूथ ईस्ट, पाच ओव्हरटाइम, रात्री दीडनंतर संपलेला सामना, शाळकरी मुलांचा. कोणी लवकर घरी गेलं असेल तर ते अजून कबूल करत नाही म्हणे.

आणि २०१८. प्याँगचांग ऑलिंपिकमधला महिलांचा अंतिम सामना, अमेरिका-कॅनडा. आमच्याकडे रात्री दहानंतर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी शाळा होती, तरी मी मुलीला झोपायला सांगितलं नाही. अमेरिकेची गोली मॅडी रूनी वीस वर्षांची, आमच्याच राज्यातल्या अँडोव्हरची. २-२ बरोबरी, ओव्हरटाइममध्ये गोल नाही, मग शूटआउट, तोही बरोबरीत, मग पुढची फेरी. अमेरिकेच्या लॅमूरूने कॅनडाच्या गोलीला एकीकडे झुकवून दुसरीकडून पक आत सारला. त्यानंतर रूनीने शेवटचा अडवला. सगळे लॅमूरूचा गोल परत परत दाखवत होते. माझी मुलगी म्हणाली, "आई, रूनीचा डावा पाय बघितलास?" मी बघितला होता.

कर्नी, न्यू जर्सी

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेचा. मला कोणी शिकवावं लागलं नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढलो. आमच्याकडे शून्य-शून्य झाला तरी रात्री बारापर्यंत चौकात चर्चा, टायब्रेकरला गेला तर मग विचारूच नका. अमेरिकेत आलो तेव्हा वाटलं, हे सगळं संपलं.

आणि घर मिळालं ते कर्नीत! इथे स्कॉटलंड-आयर्लंडहून सुताच्या गिरणीत कामाला आलेली माणसं शंभर वर्षांपूर्वीपासून सॉकर खेळत आलीत. अमेरिकेच्या संघातले टोनी मेओला, जॉन हार्क्स, टॅब रामोस, तिघेही या भागात वाढलेले. माझ्या घराशेजारच्या आजोबांचे वडील त्याच गिरणीत होते. आजोबा मला बरेच दिवस फक्त मान हलवून "हॅलो" म्हणायचे. एकदा मी अंगणात पोराला बॉल कसा थांबवायचा ते दाखवत होतो, तेव्हा ते कुंपणाजवळ आले आणि तासभर बोलले.

त्यांनी सांगितलेला सामना मी कधी बघितलेला नाही, तरी मला पाठ आहे. १९ नोव्हेंबर १९८९, पोर्ट ऑफ स्पेन. त्रिनिदादला वर्ल्ड कप गाठायला बरोबरी पुरेशी होती, सगळं स्टेडियम लाल कपड्यांत. अमेरिकेला जिंकायलाच हवं होतं, चाळीस वर्षांत एकदाही पात्र न ठरलेली अमेरिका. ३०व्या मिनिटाला पॉल कॅलिजुरीने तीसेक यार्डांवरून डाव्या पायाने उंच फटका मारला आणि तो आत गेला. आजोबा त्या गोलाबद्दल दोन वाक्यं बोलतात. उरलेल्या साठ मिनिटांबद्दल अर्धा तास. मेओला कसा पुढे येऊन बॉल काढत होता, हार्क्स किती धावला, रामोसने बॉल पायात ठेवून वेळ कसा काढला. तीन पोरं त्यांच्या गल्लीतली. आमच्या पेठेतला माणूस असाच बोलला असता.

आता हॅरिसनच्या मैदानावर आम्ही दोघं बरोबर जातो. आजोबा गाणी म्हणत नाहीत. चांगला टॅकल झाला की फक्त माझ्या गुडघ्यावर थाप मारतात.

ह्यूस्टन

कसोटी क्रिकेट बघून वाढलेल्याला हे सोपं जात असेल, असं मला वाटायचं. तसं झालं नाही. कसोटीत प्रत्येक चेंडूनंतर श्वास घ्यायला, बोलायला, डबा उघडायला वेळ असतो. हॉकीत तो नाही. तिथे सबुरी ठेवायची आणि डोळाही हलवायचा नाही. मला दोन मोसम लागले.

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड

१८ एप्रिल १९८७, ईस्टरच्या आदल्या दिवसाची शनिवार संध्याकाळ. मी पीएचडीचा विद्यार्थी, लॅबमधल्या तिघांबरोबर कॅपिटल सेंटरला गेलो. हॉकीच्या प्लेऑफमधली, म्हणजे बाद फेरीतली मालिका, वॉशिंग्टन कॅपिटल्स विरुद्ध न्यूयॉर्क आयलंडर्स, सातवा आणि निर्णायक सामना. मालिकेत आपण ३-१ पुढे होतो आणि त्यांनी बरोबरी केली होती. या सामन्यातही २-१ पुढे असताना शेवटच्या पाच-सहा मिनिटांत त्यांनी गोल केला. २-२.

प्लेऑफमध्ये बरोबरी नाही, शूटआउटही नाही. वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम, पहिला गोल होईपर्यंत. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आयलंडर्सचा गोली केली ह्रूडी, त्याने त्या रात्री ७३ फटके अडवले. आमचा बॉब मेसन पन्नासच्या वर. तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये खेळाडूंचे स्केट बर्फात रुतताहेत असं वाटत होतं. लोक काही ठिकाणी झोपलेले, लहान मुलं आईबापांच्या मांडीवर. पण पक आमच्या जाळ्याकडे आला की झोपलेलेही उठून बसायचे, न सांगता. हे कसं व्हायचं मला माहीत नाही. आवाजातला फरक झोपेतही कळत असावा.

चौथ्या ओव्हरटाइमच्या नवव्या मिनिटाला, रात्री दोन वाजायला दोन मिनिटं असताना, पॅट लाफॉन्टेनने लांबून वळून फटका मारला. गोलच्या लोखंडी खांबाला लागल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. आम्ही हरलो.

बाहेर पडताना माझ्या लॅबमधला मित्र म्हणाला, "पुढच्या वर्षी." तो पुढची एकतीस वर्षं तेच म्हणत राहिला. ७ जून २०१८ ला लास वेगसमध्ये कॅपिटल्सनी पहिला स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकला, संघ स्थापन झाल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. आम्ही दोघं आता साठीपुढचे, त्याच्या घरी बघत होतो. शेवटची सात-साडेसात मिनिटं ४-३ होतं आणि शेवटी वेगसने गोली काढून सहावा खेळाडू आणला. मित्राने टीव्हीचा आवाज बंद केला. "तेव्हाचा तो लोखंडाचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही," म्हणाला. घड्याळ शून्यावर गेलं तेव्हा त्याने आवाज परत लावला आणि आम्ही बराच वेळ नुसते बसून राहिलो.

शिकागो

मेरीलँडकर, वाचून अंगावर काटा आला. आमचं उलट झालं. आमचा गोल झाला तेव्हा कोणालाच कळलं नाही.

९ जून २०१०, आमचा हॉकी संघ ब्लॅकहॉक्स फिलाडेल्फियात खेळत होता. १९६१ नंतर कप नव्हता. ओव्हरटाइमच्या पाचव्या मिनिटाला पॅट्रिक केनने अगदी कडेवरून, जिथून कोणी मारणार नाही अशा कोनातून पक मारला. गोल झाल्याचा लाल दिवा लागला नाही. प्रेक्षक गप्प. पक जाळ्याच्या तळाच्या कापडाखाली अडकला होता. केन एकटा हातमोजे भिरकावत पलीकडच्या टोकाला धावत सुटला. आमच्या दिवाणखान्यात मंडळातली बारा माणसं, सगळी एकमेकांकडे बघताहेत. माझा दहा वर्षांचा मुलगा तेवढा ओरडला, कारण तो पक बघत नव्हता, तो केनकडे बघत होता. एकोणपन्नास वर्षांची वाट त्या पोराला आमच्याआधी चार सेकंद संपलेली कळली.

सिएटल

थोडक्यात लिहिते. १० डिसेंबर २०१६, एमएलएसचा (मेजर लीग सॉकरचा) अंतिम सामना टोरांटोत, गोठवणारी हवा. आमच्या साउंडर्सनी १२० मिनिटांत गोलच्या दिशेने एकही फटका मारला नाही. एकही नाही! सामना टिकला तो बचावामुळे आणि गोलकीपर स्टेफान फ्रायमुळे. १०८व्या मिनिटाला टोरांटोकडून खेळणाऱ्या आल्टिडोरचं हेडर उंच कमान घेऊन कोपऱ्यात उतरत होतं. फ्राय मागे मागे सरकत हवेत आडवा झाला आणि एका हाताने तो बाहेर काढला. ०-० वरून पेनल्टीत ५-४ आम्ही जिंकलो, शेवटची रोमान टोरेसने मारली.

माझा नवरा मिशिगनचा, अमेरिकन फुटबॉलवर वाढलेला. तो मला नेहमी सांगायचा की त्यांच्याकडे निदान गुण तरी होतात. एकदा मी कागद घेऊन बसले. टचडाउनचे सहा आणि वरचा एक, म्हणजे सात. २१-१४ म्हणजे तीन वेळा विरुद्ध दोन वेळा. हॉकीचा स्कोअर! तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. फ्रायची ती झेप मात्र त्याला कागदाशिवाय कळली. अजून पाहुणे आले की तो ती लावून दाखवतो.

बॉस्टन

माझ्या सासूबाईंबद्दल लिहिते. त्या खडकीच्या. त्यांचे दोघे भाऊ तिथल्या मैदानावर हॉकी खेळायचे, आपली गवतावरची. सहा महिन्यांसाठी आल्या, तो प्लेऑफचा काळ होता. माझा मुलगा रोज संध्याकाळी ब्रुइन्स, म्हणजे इथल्या आइस हॉकी संघाचे सामने, लावायचा. आई तिथेच सोफ्यावर वाती वळत बसायच्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी वर मान केली नाही. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "हा एकटाच का रे कोपऱ्यात बसवलाय?" नातवाने पेनल्टी बॉक्स समजावला. दोन मिनिटं चार जणांनी पाच जणांना थोपवायचं. तेव्हापासून त्या दोन मिनिटांत त्यांचा हात थांबायचा. वात अर्धी वळलेली तशीच बोटांत. दोन मिनिटं संपून तो खेळाडू बाहेर आला की "सुटला बाई" म्हणून वात पुरी करायच्या. पक त्यांना कधीच दिसला नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्या खेळाडूंच्या खांद्यांवरून ओळखायच्या की कोण दमलंय. माझ्या भावाचेही असेच पडायचे, म्हणाल्या. या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली, त्यांच्या भावांबद्दल मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

आता त्या पुण्यात आहेत. इथला रात्रीचा सामना तिथे पहाटे असतो. नातू उठल्यावर निकाल सांगायला फोन करतो, तर त्या आधी विचारतात, "चार जणं असताना झाला का गोल?" नाही म्हटलं की खूश, मग निकाल काहीही असो.

सिरॅक्यूज, न्यूयॉर्क

उशिरा लिहितोय, माझं वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो.

आमच्या गावात भर चौकात एका घड्याळाचं स्मारक आहे. बास्केटबॉलचं चोवीस सेकंदांचं घड्याळ. १९५० साली एक सामना १९-१८ असा संपला होता, संघ बॉल धरूनच बसायचे. मग १९५४ मध्ये आमच्या गावच्या संघाच्या मालकाच्या पुढाकाराने हे घड्याळ आलं. चोवीस सेकंदांत बास्केटकडे बॉल मारायचा. खेळ वाचला, हे खरंच आहे. हॉकीला तसं घड्याळ कधी लागलं नाही.

मी जानेवारी १९८० मध्ये शिकायला आलो. एका विधवा बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. २२ फेब्रुवारी, शुक्रवार. लेक प्लॅसिड ऑलिंपिकमधला अमेरिका-सोव्हिएत सामना संध्याकाळी पाचलाच झाला होता, पण टीव्हीवर रात्री आठला दाखवला. आम्हाला निकाल माहीत नव्हता. बाईंनी मला खाली बोलावलं, कारण एकट्याने बघवणार नाही म्हणाल्या. मला हॉकी म्हणजे गवतावरची माहीत. इथे पक कुठे आहे तेच समजेना.

सोव्हिएत संघ तीन वेळा पुढे गेला, तीनदा अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी गाठलं. तिसऱ्या सत्रात घड्याळात बरोबर दहा मिनिटं उरली असताना इरुझिओनीने चौथा केला. ४-३. बाई ओरडल्या आणि लगेच गप्प झाल्या. खुर्चीतून उठल्या, खुर्चीच्या मागे गेल्या आणि दोन्ही हातांनी तिची पाठ धरून उभ्या राहिल्या. पूर्ण दहा मिनिटं. त्या रात्री सोव्हिएत संघाने ३९ फटके मारले आणि अमेरिकेने १६. गोली जिम क्रेगने ३६ अडवले. बाई प्रत्येक फटक्याला खुर्ची थोडी पुढे ढकलायच्या. शेवटी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ पोचली होती आणि मी बाजूला जमिनीवर बसून बघत होतो. पक मला तेव्हाही दिसत नव्हता. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो.

पुष्कळ वर्षांनी बायको-मुलांना घेऊन लेक प्लॅसिडला गेलो. ते रिंक आता प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांच्या नावाने आहे. टीव्हीवर केवढं मोठं वाटलं होतं, प्रत्यक्षात लहानसंच आहे. आठ-दहा वर्षांची पोरं सराव करत होती. एक गोली, पोरगीच असावी, मिनेसोटाच्या बाईंचं वाचून ती आठवली. तिचे मित्र एकामागून एक पक मारत होते आणि ती प्रत्येक पक कोपऱ्यात ढकलत होती. बायको म्हणाली, निघू या. मी म्हटलं, हिला एक गोल होऊ दे, मग निघू.

आम्ही तिथे तासभर बसलो.